लाल रेघ उजवीकडे

१

वर्लिन ओस्टरमायर रोज सकाळी सातला शेडचं कुलूप काढायचा. आधी दिवे, मग हीटर, मग कॉफीचं भांडं. पूर्वी ही शेड मक्याच्या बियाण्याची कोठी होती. पत्र्याच्या भिंतींना अजून बियाण्याला लावायच्या औषधाचा गोडसर वास यायचा. बाहेर फेब्रुवारीचा गारठा आणि कापणी झालेली सपाट शेतं. आत रांगेनं मांडण्या, मांडण्यांवर लाकडी पेट्या आणि पेट्यांत दगड.

दगड पाच हजार फुटांखालचा. दंडाएवढ्या जाडीच्या गोल कांड्या, प्रत्येक पेटीत तीन फूट. गावाजवळच्या मक्यापासून इंधन करणाऱ्या कारखान्याच्या धुराड्यातून जो वायू सुटतो, तो दाबून जमिनीच्या पोटात कायमचा कोंडायचा असं कंपनीनं ठरवलं होतं. खाली वाळूचा दगड, त्याच्या बारीक छिद्रांत वायू राहणार. त्याच्यावर काळ्या, पाटीसारख्या दगडाचं झाकण. ते झाकण अभंग आहे, त्याला कुठे भेग नाही, हे दाखवल्याशिवाय परवाना मिळत नाही. म्हणून चाचणीचं बोअर मारलं आणि झाकणातून ही कांडी काढली. झाकणाच्या एकूण चोवीस पेट्या. एक नंबरची सगळ्यांत वरची. चोवीस नंबरची सगळ्यांत खालची, वाळूच्या दगडाला टेकलेली.

वर्लिनचं काम साधं होतं. कांडी धुवायची, मोडलेले तुकडे एकमेकांत बसवायचे आणि पूर्ण लांबीभर दोन रेघा ओढायच्या, लाल आणि काळी. वरचं टोक लांब, खालचं टोक आपल्या पोटाशी अशी पेटी ठेवली की लाल रेघ उजवीकडे आली पाहिजे. एवढा एक नियम. तो पाळला की कोणता दगड वरचा आणि कोणता खालचा हे शंभर वर्षांनीही कळतं. चुकला तर ती कांडी म्हणजे नुसता दगडांचा ढीग. वर्लिन आठवीनंतर शाळेत गेला नव्हता. पण तेलाच्या आणि कोळशाच्या बोअरवर एक्केचाळीस वर्षं त्यानं या रेघा ओढल्या होत्या आणि एकही कांडी कधी उलटी ठेवली नव्हती. त्याला लोक याच गोष्टीसाठी ओळखत.

त्या मंगळवारी चोवीस नंबरच्या पेटीचं झाकण काढलं, तर लाल रेघ डावीकडे होती.

त्याला आधी कळलंच नाही. दाराशी आलेला माणूस ओळखीचा असूनही नाव आठवू नये तसा तो बघत राहिला. मग कानशिलं तापली. दगडावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेले खोलीचे आकडे डोक्यावर उभे होते. सगळे तुकडे एकमेकांत नीट बसलेले. फट नाही, चुरा नाही, फक्त सगळी कांडी टोकाकडून टोकाकडे फिरलेली.

म्हणजे चूक आपलीच. एकाहत्तराव्या वर्षी, पहिली. त्यानं दाराकडे एकदा बघून घेतलं, एकेक तुकडा उचलून पेटी सरळ लावली आणि कुणाला काही सांगितलं नाही. पण दिवसभर त्याला जेवण गेलं नाही.

२

बुधवारी तेवीस नंबरची पेटी उलटी होती. चोवीस नंबरची, काल सरळ केलेली, सरळच होती.

आता मात्र त्याला स्वतःची शंका आली नाही. कर्ट बॅसलरची आली. कर्ट हा कंपनीचा इथला साहेब. परवान्याचे सगळे कागद त्याच्या हाताखालून जायचे. वय अडतीसच्या आसपास, बूट कायम स्वच्छ. तो वर्लिनला ‘आजोबा’ म्हणायचा आणि त्या शब्दात प्रेम नसायचं. झाकणातल्या एका केसाएवढ्या रेषेबद्दल वर्लिननं महिन्यापूर्वी विचारलं होतं, तेव्हा कर्टनं इतरांसमोर सांगितलं होतं की आजोबांनी दगड धुवावेत, वाचायचं काम शिकलेल्या माणसांवर सोडावं. ते वर्लिनच्या मनात काट्यासारखं बसलं होतं.

दहाच्या सुमाराला कर्ट आला, तेव्हा वर्लिननं सरळच विचारलं, पेट्यांना हात लावलास का. कर्टला आधी प्रश्न समजला नाही. समजल्यावर तो हसला. म्हणाला, माझ्या वडिलांच्याही घरात वस्तू अशाच जागा बदलतात, गेल्या आठवड्यात त्यांचा चष्मा फ्रिजमध्ये सापडला.

“मी चष्म्याचं विचारत नाहीये,” वर्लिन म्हणाला.

“मग कशाचं विचारतोयस, आजोबा? चार हजार पानांचा अर्ज मी एकट्यानं ओढतोय. मी इथे येऊन तुझे दगड फिरवत बसेन?”

 वर्लिन सावकाश बोलणारा माणूस, रागात तर त्याला शब्दच सापडत नसत. त्यानं पेटी सरळ केली. घाईत एक तुकडा त्याच्या बोटांवर पडला. नख काळं पडलं. त्या नखाचाही राग त्यानं कर्टच्या खात्यावर टाकला.

३

गुरुवारी बावीस. शुक्रवारी एकवीस.

शनिवारी सकाळी त्यानं गावातून नवं कुलूप आणलं आणि किल्ली गळ्यात घातली. विसावी पेटी उलटी होतीच, ती सरळ केली आणि लगेच प्रत्येक पेटीच्या झाकणाला चार चार स्क्रू मारले. स्क्रूच्या डोक्यावर खडूचा ठिपका दिला, म्हणजे कुणी फिरवला तर पुसला जाईल. सोमवारी एकोणिसाव्या पेटीवरचे चारही ठिपके जसेच्या तसे होते. स्क्रू काढून झाकण उचललं. लाल रेघ डावीकडे.

त्यानं कारणं शोधली. सांगायला पाहिजे की तो भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. रविवारी चर्चमध्ये जायचा, पण तिथेही त्याला प्रवचनापेक्षा छताच्या तुळया जास्त पटायच्या. खूप खालून आलेला दगड दाब सुटला की फुगतो, तडकतो, हे त्यानं पाहिलं होतं. पण कूस बदलणारा दगड त्यानं पाहिला नव्हता. मग झोपेत चालत आपणच येत असू का? घरापासून शेड अकरा मैल. गाडीचे मैलांचे आकडे त्यानं लिहून ठेवले, ते वाढले नव्हते.

अठरा. सतरा.

रोज एक आणि रोज वरची. तो रोज सकाळी झाकण उघडायचा, दात आवळून कांडी सरळ लावायचा, आकड्यांवरून ओला हात फिरवायचा, जणू दटावतोय. सोळाव्या पेटीच्या दिवशी सिंकपाशी पाठमोरा असताना त्याला आवाज ऐकू आला. मोठा नव्हता. अंगानं जड माणूस शेजारच्या खोलीत कुशीवर वळतो आणि खाट दबते, तसा आवाज. तो तत्काळ वळला. मांडण्या स्थिर होत्या. हीटरचा पंखा फिरत होता. तो बंद करून वर्लिन बराच वेळ कान देऊन उभा राहिला आणि मग स्वतःवरच चिडून त्यानं पंखा पुन्हा लावला.

त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं पेट्यांकडे लांबून, दारातून पाहिलं. एक नंबर सगळ्यांत वरच्या फळीवर, चोवीस तळाला. आणि त्याच्या मनात आलं की ही खोडी नाही. खोडी करणारा इकडची तिकडची पेटी फिरवेल. हे काहीतरी चढतंय.

४

रविवारी तो मुलीकडे जेवायला गेला. जेनेल त्याची एकुलती एक. नवरा सोडून गेल्यापासून शेत तीच बघायची, साठ एकर मका आणि सोयाबीन. चाचणीचं बोअर तिच्याच शेताच्या कडेला होतं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची लोखंडी टोपी दिसायची. घरापासून दोनशे पावलं.

बोअर मारू द्यायला ती तयार नव्हती. आजूबाजूचे सगळे विरोधात होते, तीही होती. तिला वर्लिननं तयार केलं होतं. ते नुसतं बघणार आहेत, तो तिला म्हणाला होता. झाकण फुटकं असेल तर दगडात दिसेल, दगड कुणाची भीड धरत नाही. आणि कांडी माझ्या हातात असणार आहे. शेवटी ती म्हणाली होती की कंपनीवर नाही, पण तुमच्या हातावर मी सही करते, बाबा.

आज तिनं कोंबडीच्या रश्शातल्या जाड शेवया केल्या होत्या आणि त्या कुस्करलेल्या बटाट्यांवर वाढल्या, तो लहानपणापासून खायचा तशा. त्याचं काळं नख तिनं लगेच पाहिलं. दगड पडला, तो म्हणाला. तिनं बर्फ आणून दिला आणि त्याची चेष्टा केली, की आता तुम्हाला जाड हातमोजे घालून कामाला पाठवायला हवं.

मग वाढता वाढता तिनं सहज विचारलं, “झाकण कसं आहे, बाबा?”

तो शेवया चावत राहिला. भेग नव्हती. त्यानं एकेक इंच भिंगाखाली पाहिला होता, ती केसाएवढी रेषाही वरवरचीच निघाली होती. कागदावर लिहिण्यासारखं काहीच चुकीचं नव्हतं.

“दगड चांगला आहे,” तो म्हणाला. खोटं बोलला नव्हता, पण घरी जाताना त्याला स्वतःची इतकी चीड आली की त्यानं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून स्टिअरिंगवर मूठ आपटली.

५

नवव्या पेटीच्या दिवशी वर्लिन आजारी पडला. शुक्रवार होता. झाकण उघडलं, लाल रेघ डावीकडे दिसली आणि पोटात असा पिळा आला की पेटीला हात न लावता तो तसाच घरी गेला. पोटाची साथ गावभर होती. चार दिवस तो अंथरुणात होता आणि चारही दिवस मनात आकडे मोजत होता. आठ, सात, सहा, पाच. बुधवारी जाऊ तेव्हा पाच.

बुधवारी सकाळी हात भिंतीला टेकत त्यानं शेड उघडली.

पाच सरळ होती. सहा, सात, आठ सरळ. नऊ नंबरची पेटी त्यानं सोडली होती तशीच, उलटी.

तो स्टुलावर बसला. कॉफीचं भांडं लावायचं राहून गेलं. त्याला आनंद झाला नाही. आधी काहीच झालं नाही, आणि मग हळूहळू, थंड पाणी बुटात शिरावं तसं त्याला कळत गेलं. चार दिवस कुणी हात लावला नाही तर ते चार दिवस हललं नाही. ते आपण होऊन चढत नव्हतं. पंधरा सकाळी पंधरा पेट्या त्यानं स्वतःच्या हातांनी सरळ केल्या होत्या. प्रत्येक वेळी ते एक पेटी वर आलं होतं. दुसरा कुणीही असता, एखादा आळशी, बेफिकीर माणूस, तर त्यानं पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, राहू दे उलटी, काय फरक पडतो. ते तळालाच राहिलं असतं. पण उलटी कांडी ज्याला बघवत नाही, असा माणूस या भागात एकच होता.

तरीही खात्री केल्याशिवाय त्याला राहवेना. हा त्याचा दोष होता आणि तो त्याला नंतर कधी विसरता आला नाही. दिवसाढवळ्या, साडेदहाला, त्यानं नववी पेटी सरळ केली. आठव्या पेटीचं झाकण काढून टाकलं आणि समोर स्टूल घेऊन बसला. डोळे कांडीवर. लाल रेघ उजवीकडे. पत्र्यावर ऊन पडून पत्रा टिकटिकत होता. वीस मिनिटं, अर्धा तास. डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं पापणी जपून, एका वेळी एकच डोळा मिटला.

मग दगडाखाली काहीतरी सरकलं. पेटीच्या लाकडी तळाला त्या कांडीखाली अर्धं बोट मावेल एवढीही जागा नव्हती. तरीही ते दगडाच्या खालून सरकलं, आणि दगड त्याच्या पाठीवर असल्यासारखा किंचित वर उचलला गेला. बस, तेवढंच. वर्लिनचे दोन्ही डोळे आपोआप मिटले. खाट दबल्याचा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा आकडे डोक्यावर उभे होते.

त्यानं झाकण लावलं. चारच्या जागी आठ स्क्रू मारले. पेटी तशीच ठेवली.

६

पुढच्या सोमवारी परवाना खात्याची बाई कांडी बघायला येणार होती. त्या सकाळी वर्लिननं केस विंचरले, इस्त्रीचा सदरा घातला. काय बोलायचं ते त्यानं मनाशी घोकलं होतं. जे पाहिलं ते सांगून उपयोग नव्हता. त्यापेक्षा असं सांगायचं, की आठवी पेटी मी उलटी लावली, बाकीच्यांचाही आता मला भरवसा नाही, ही कांडी पुराव्यात धरू नका. पुन्हा बोअर मारावं लागेल, परवाना वर्षभर लांबेल. मग वर्षभरात जेनेलला तिथून हलवता येईल. त्याचं नाव जाईल. एक्केचाळीस वर्षं जातील. जाऊ देत.

पण कर्ट आठ वाजताच आला, बाईच्या आधी सगळं एकदा नजरेखालून घालायला. वर्लिननं त्याला तेच सांगितलं जे बाईला सांगणार होता. कर्टचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल.

“दाखव,” तो म्हणाला.

वर्लिन दाखवायला तयार नव्हता. कर्टनं स्वतः स्क्रू काढले. आठवी पेटी पाहिली आणि कपाळावर हात मारला, मग जरा सैल झाला. एवढंच ना. त्यानं बाह्या वर केल्या.

“हात लावू नकोस,” वर्लिन म्हणाला. “कर्ट, ऐक. मी चुकलो म्हणून लिहून देतो, कुठे पाहिजे तिथे सही देतो. पण ती तशीच राहू दे.”

“का?”

 वर्लिन पेटीच्या आणि कर्टच्या मध्ये उभा राहिला. कर्टनं त्याला बाजूला केलं. ढकललं नाही, दोन्ही खांद्यांना धरून टेबल सरकवावं तसं बाजूला ठेवलं, आणि वर्लिनला आयुष्यात कधी आला नव्हता इतका राग आला. एक बुक्की त्यानं कर्टच्या पाठीत मारलीही. पण आजारपणानंतर हातात जोर कुठला. कर्टनं वळूनसुद्धा पाहिलं नाही, चार मिनिटांत पेटी सरळ केली. मग सातवीचं झाकण उघडलं.

“अरे, ही पण उलटी.”

“सकाळी सरळ होती. कर्ट, थांब.”

“सगळ्याच उलट्या लावून ठेवल्यास, म्हाताऱ्या?” कर्ट आता ओरडत नव्हता, दातांतल्या दातांत बोलत होता आणि ते जास्त वाईट होतं. “दोन वर्षं. दोन वर्षं झाली मी घरी नीट जेवलो नाही. आणि तू.”

सातवी सरळ. सहावी उलटी. सरळ. पाचवी. त्याच्या स्वच्छ बुटांवर दगडाची काळी भुकटी पडत होती, सदरा पाठीवर भिजला होता. त्याला आवाज ऐकूच येत नव्हता, तो स्वतःच इतका आपटत होता. वर्लिनला येत होता. कर्ट एका पेटीतला शेवटचा तुकडा ठेवी आणि त्या क्षणी वरच्या बंद झाकणाखालून खाट दबे. चौथी. तिसरी. वर्लिननं त्याच्या कमरेला मिठी मारली आणि फरफटत गेला. दुसरी. मग वर्लिननं त्याला सोडलं आणि जमिनीवरच बसून राहिला.

पहिल्या पेटीतला शेवटचा तुकडा कर्टनं बसवला, रेघेवरून बोट फिरवलं आणि मागे सरून पाहिलं. चोवीस पेट्या, चोवीस लाल रेघा, सगळ्या उजवीकडे.

“बघ,” तो धापा टाकत म्हणाला. “काही अवघड होतं?”

वर्लिननं कान दिला. शेडमध्ये काहीही हललं नाही. पहिल्या पेटीच्या वर पेटी नव्हती. तिच्यावर, जेनेलच्या शेतापर्यंत, आता अडवणारं काहीच नव्हतं.

७

परवाना खात्याची बाई दहाला आली. होलकम तिचं नाव, सौम्य, चष्मा साखळीला अडकवलेली. ती चोवीस पेट्यांपाशी सावकाश फिरली, भिंग लावलं, बोटानं दगड चाचपला. रेघांचं तिनं कौतुक केलं. हल्ली इतकं नीट काम बघायला मिळत नाही, असं ती कर्टला म्हणाली आणि हे कुणाच्या हातचं आहे असं विचारलं. कर्टनं स्टुलावर बसलेल्या वर्लिनकडे बोट केलं.

वर्लिन उठला. घोकलेलं सगळं बोलला, म्हणजे बोलायचा प्रयत्न केला. शब्द एकमेकांत अडकले. बाईनं पूर्ण ऐकून घेतलं. मग तिनं पुन्हा पेट्यांकडे पाहिलं, त्या सगळ्या सरळ होत्या, आणि पुन्हा त्याच्याकडे. तिच्या नजरेत कीव होती. कर्टनं हळूच सांगितलं की आजोबा नुकतेच आजारातून उठलेत. बाईनं मान हलवली, वर्लिनच्या दंडावर हात ठेवला आणि त्याला घरी जाऊन पडायला सांगितलं. मग आपल्या कागदावर सही केली.

त्या दंडावर ठेवलेल्या हातानं वर्लिनला जे वाटलं, त्याच्यापुढे कर्टची शिवी काहीच नव्हती. किल्ली गळ्यातून काढून त्यानं सिंकमध्ये फेकली. डबा, टोपी तिथेच टाकून तो गाडीकडे गेला. जेनेलला फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

८

चौदा मैल त्यानं कसे कापले हे त्याला आठवलं नाही. तिच्या शेताच्या वळणावर मात्र त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

ऊन स्वच्छ होतं. वारा नव्हता. बोअरची लोखंडी टोपी जागेवर होती, तिला काही झालं नव्हतं. तिथून घरापर्यंत कुंपण होतं, लाकडी खांबांचं. तारा ताणलेल्या, जशाच्या तशा. पण खांबांची जी टोकं जमिनीत असायची, डांबर लावलेली, ओल्या मातीनं काळी पडलेली, ती आभाळाकडे होती. एका खांबाच्या टोकावर गांडूळ वळवळत होतं. वर्लिननं खांब मोजले नाहीत. ते अंगणाच्या फाटकापर्यंत होते.

फाटकाच्या अलीकडे मक्याची खुंटं. मुळं वर, हवेत. पांढरी, एकेक तंतू सुटा. कुणीतरी ब्रशनं धुवून ठेवल्यासारखी स्वच्छ.

तो गाडीतून उतरला आणि पळाला. एकाहत्तराव्या वर्षी जेवढं पळता येतं तेवढं. मनात कर्टला, कंपनीला, त्या चष्मेवाल्या बाईला आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या दोन हातांना शिव्या देत पळाला. स्वयंपाकघराचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आत सगळं नीट होतं. खुर्च्या पायांवर उभ्या, शेगडीवर भांडं, खिडकीत ऊन. जेनेलचा कोट खुंटीला. तिचा फोन टेबलावर, त्यावर त्याच्या न उचललेल्या फोनांचे आकडे. वर्लिन मध्यभागी उभा राहिला. शांतता इतकी होती की त्याला स्वतःचा श्वास नकोसा झाला.

“जेनेल?”

“बाबा? आलात?”

तिचाच आवाज, नेहमीचा, जरा दमलेला. खालून आला. या घराला तळघर नव्हतं. फरशीखाली काँक्रीट आणि काँक्रीटखाली माती, ते काँक्रीट वर्लिननं स्वतः ओतलं होतं.

फरशीखाली पावलं वाजली. सिंकपासून टेबलाकडे, आधी टाच, मग चवडा, घरातल्या घरात बाई चालते तशी सवयीची. ती त्याच्याकडे येत होती. बरोबर त्याच्या पायांखाली येऊन थांबली.

“केव्हाची हाका मारतेय तुम्हाला,” ती म्हणाली. मग जरा घाबरून, लहानपणी ताप आला की बोलायची तशा आवाजात, “बाबा, तुम्ही असे उलटे का उभे आहात?”

गुडघे टेकून नखांनी ती फरशी उचकटावी, कुदळ आणावी, काँक्रीट फोडावं, तिला धरून वर खेचावं आणि सरळ उभं करावं, अशी एक कळ त्याच्या खांद्यापासून बोटांपर्यंत गेली. हात पुढेही आले. इतके दिवस जे हात ऐकत नव्हते त्यांना त्यानं काखेत दाबून धरलं, घट्ट, दुखेपर्यंत.

मग त्यानं एका पायानं दुसऱ्या पायातला बूट ढकलून काढला. दुसराही काढला, मोजेही. अनवाणी उभा राहिला. थंड फरशीवर फक्त दोन जागा उबदार होत्या, त्याच्या पावलांपेक्षा लहान. त्यानं आपले तळवे त्यांवर नीट ठेवले.

“इथेच आहे मी,” तो म्हणाला. “तू हलू नकोस, बाळ. मी काहीच करत नाही.”

बाहेर रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. दार उघडून कुणीतरी खाली उतरलं आणि कुंपणापाशी थबकलं. मग कर्टचा आवाज आला. शिवी देत तो बोअरच्या कामासाठी बरोबर आणलेल्या माणसांना सांगत होता, की आधी हे खांब उपटा आणि सरळ करा.